गाठीचा खण

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. सुनेला ते कोणी सांगितलं नाही. घरचीच ती, तिला काय सांगायचं, असं सगळ्यांना वाटलं असावं. त्यामुळे ती सरळ माझ्या रंगाच्या खोलीत शिरली, कोपऱ्यातल्या टेबलावरच्या नमुन्याच्या लडी उचलून फळीवर ठेवल्या, तिथे आपला संगणक मांडला आणि म्हणाली, "बाबा, मी इथेच बसणार आहे. मला तुम्हाला सारखं विचारावं लागेल."

"आणि मला सारखं सांगावं लागेल," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली आणि प्लग शोधायला टेबलाखाली वाकली.

आम्ही लोकर रंगवतो. माझ्या वडिलांनी एका टाकीवर सुरुवात केली, मी टाक्या वाढवल्या. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्वेटर विणणारी एक कंपनी. वर्षानुवर्षं त्यांचा फोन यायचा, "मागच्यासारखाच राखाडी निळा पाठवा," आणि मी मागच्यासारखाच पाठवायचो. मग एक दिवस त्यांचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून फोन नाही, कागद नाही. त्यांचा संगणक आमच्या संगणकाला ऑर्डर देणार. आमच्याने ती मिळाल्याचं कळवायचं, माल निघाला की कोणत्या खोक्यात काय आहे तेही कळवायचं, आणि हे सगळं त्यांनी ठरवलेल्या साच्यात. महिनाअखेरपर्यंत एक खरी खेप अशी निरोपासकट पाठवून दाखवा, नाहीतर पुरवठादारांच्या यादीतून नाव कमी.

आमच्या चिरंजिवांनी पत्र वाचून हात टेकले. "बाबा, हे आपल्या आवाक्यातलं नाही. जागा घ्यायला एकजण तयार आहे, त्याला इथे गोदाम करायचंय. विकून मोकळे होऊ." विक्रीचे कागद करून त्याने ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेसुद्धा. फक्त माझी सही बाकी होती. तो काही वाईट सांगत नव्हता, ते गिऱ्हाईक गेलं असतं तर आमच्याकडे उरलं असतं काय? पण मला त्या टाक्या थंड झालेल्या बघायच्या नव्हत्या. रोज सकाळी त्यांची वाफ तोंडावर घेतल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

तेव्हा सून जेवता जेवता म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत थांबा. मी बघते." ती एका मोठ्या कंपनीत हेच काम करत होती, एका कारखान्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरशी जुळवून देण्याचं. तिने तिथून रजा काढली. "नाही जमलं तर सहीला पेन मीच आणून देईन," असंही म्हणाली.

आमची ही माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या खोलीत ती टिकली तर बाकीचं जमल्यातच जमा."

मी सुनेला नाव ठेवलं 'जुळारी'. यंत्राचे सुटे भाग जुळवतो तो जुळारी. चिडवायला म्हणून ठेवलं होतं, पण तिला ते आवडलं, त्यामुळे माझी अर्धी मजा गेली.

तिचं काम नेमकं काय, हे मला पहिले काही दिवस कळलं नाही, आणि कळत नाही हे कळू देणाऱ्यातला मी नाही. मग एकदा तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर एक लांबलचक ओळ होती, नुसती अक्षरं, आकडे आणि मधेमधे बेरजेची चिन्हं.

"हा निरोप आहे, बाबा. याला खण असतात. या खणात कोणाकडून, या खणात कोणाला, मग काय, किती, कधी. एक जरी गोष्ट भलत्या खणात पडली तरी पलीकडचं यंत्र निरोप वाचत नाही, परत पाठवतं. आपल्याकडची कुठली गोष्ट त्यांच्या कुठल्या खणात जायची, एवढंच मी ठरवते."

"एवढंच?"

"एवढंच."

ते एवढंच केवढं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमचा राखाडी निळा त्यांच्याकडे एक लांबलचक क्रमांक होता. आम्ही लडी मोजायचो, त्यांना किलो हवे होते. आमची तारीख दिवसापासून सुरू व्हायची, त्यांची वर्षापासून. आमच्याकडे 'उद्या सकाळी' म्हटलं की भागायचं, त्यांच्या यंत्राला उद्या म्हणजे कधी तेही कळत नव्हतं आणि सकाळ म्हणजे काय तेही. ही बाई प्रत्येक गोष्ट एकेक करून त्यांच्या भाषेत बसवत होती, आणि परत आलेला प्रत्येक निरोप न चिडता उघडून बघत होती. मी असतो तर पहिल्याच दिवशी संगणक टाकीत बुडवला असता.

तिची एक खोड होती. वस्तू बघितल्याशिवाय ती कुठलाच खण भरायची नाही. "हे प्रत्यक्षात कुठे आहे?" असं विचारायची. खोक्याच्या वजनाचा खण आला तेव्हा उठून पॅकिंगला गेली आणि खोकं काट्यावर चढवायला लावलं. वजन म्हणजे खोक्यासकट की खोक्याशिवाय, यावर आमच्या पॅकिंगच्या माणसांचं आपसात एकमत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ती दोघांची भांडणं ऐकून घेऊन, दोन्ही वजनं दोन वेगळ्या खणांत टाकून परत आली. सॉफ्टवेअर विकायला आलेले पुष्कळजण मी पाहिलेत, सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. ही शेळ्यांच्या मागून चालणारी निघाली.

त्याच दिवसांत माझ्यामागे एक कटकट लागली होती. खोलीतली ट्यूब मिणमिणायला लागली होती. दोन छटा शेजारी धरल्या तरी फरक कळेना. लडी घेऊन मला सारखं माल चढवायच्या दारापाशी, उन्हात जावं लागायचं. मी वीजवाल्याच्या नावाने शंख केला. दुसऱ्या दिवशी सुनेने नवी ट्यूब बसवून घेतली. तीही मिणमिणतीच निघाली.

"हल्ली काहीच धड मिळत नाही," मी म्हणालो.

तिने एकदा ट्यूबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा कामाला लागली.

मग तो दिवस आला. चाचणीची ऑर्डर आली, आमच्या यंत्राने ती घेतली, होकार पाठवला, माल निघाल्याचा निरोपही पाठवला, आणि पलीकडून उत्तर आलं की सगळं बरोबर. चिरंजीव ऑफिसातून जवळजवळ पळतच आले. मी सगळ्यांना चहा सांगितला, तोही दोनदा. जिच्यामुळे चहा, ती मात्र चाचणीच्या खोक्यातली एक लड हातात घेऊन बसली होती.

"बाबा, ही गाठ कसली?"

आता हे तिला सांगावं लागलं. एका वेळी एका टाकीतून जेवढी लोकर रंगून निघते त्याला आम्ही घाणा म्हणतो. रंग तोच, माप तेच, पाणी तेच, तरी दोन घाणे कधीही तंतोतंत सारखे निघत नाहीत. लांबून बघून कळत नाही. पण एका स्वेटरची एक बाही या घाण्याची आणि दुसरी त्या घाण्याची विणली, तर उन्हात आलेला माणूस एक हात उसना आणल्यासारखा दिसतो. म्हणून माझ्या वडिलांनी पद्धत पाडली. पहिल्या घाण्याच्या लडीच्या पांढऱ्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्या घाण्याच्या दोऱ्याला दोन. वाळवणीतून उतरवलेल्या लडी माझ्या खोलीत येईपर्यंत दोन्ही घाणे एकमेकांत मिसळतात. मी त्या नजरेने निवडतो आणि गाठी मारतो. हे काम मी कोणाला करू देत नाही. गिऱ्हाइकाकडे विणकाम विभागाच्या मुख्य बाई आहेत, त्या गाठी बघूनच माल मशीनवर चढवतात. आम्ही दोघं कधी भेटलेलो नाही, पण माझी गाठ त्यांना कळते आणि त्यांना कळते हे मला कळतं.

"मग हे माझ्या निरोपात कुठे आहे?" सुनेने विचारलं.

"गाठ दोऱ्यावर असते. निरोपात कशाला?"

तिने गिऱ्हाइकाने पाठवलेलं जाडजूड सूचनांचं पुस्तक उघडलं आणि एक ओळ दाखवली. पुढच्या महिन्यापासून माल आधी त्यांच्या नव्या गोदामात जाणार. तिथेच दोरे कापून लोकर रिळांवर चढवणार, रिळांना लेबल लावणार आणि मगच विणकामाला देणार.

"दोरा कापला की गाठ गेली, बाबा. पुढे फक्त लेबल. आणि लेबलवर माझ्या निरोपात असेल तेवढंच येणार. माझ्या निरोपाने दोन्ही घाण्यांची बेरीज करून एकच ओळ पाठवली आहे. राखाडी निळा, एवढे किलो. झालं."

"पण पास झाला ना निरोप?" चिरंजीव म्हणाले.

"निरोप पास झाला. स्वेटर नापास होतील." तिने लड टेबलावर ठेवली. "मी हा निरोप मागे घेते आहे."

मग जे व्हायचं ते झालं. हातातोंडाशी आलेला घास कोणी टाकून देतं का, महिना संपत आला, पुन्हा जुळलं नाही तर काय करणार, चिरंजीव बोलत राहिले. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "खोटं बोलणारा निरोप मी बसवून देणार नाही." मी तिथेच उभा होतो. जन्मभर मीही हेच केलं, जरा डागाळलेला घाणा कधी दाराबाहेर जाऊ दिला नाही, आणि त्यापायी चार लोकांशी वाकडं घेतलं. तेव्हा लोक मला हेकट म्हणायचे. तिला तसं म्हणायला माझी जीभ रेटेना.

गिऱ्हाइकाकडे हे निरोप तपासणारा एक तपासनीस होता, त्याला तिने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"घाण्याचा खण आमच्याकडे ऐच्छिक आहे, मॅडम," तो म्हणाला. "कोणीच भरत नाही. तुमचा निरोप पास आहे, तुम्ही कशाला उगाच काम वाढवताय?"

"मी भरला तर तुमचं यंत्र तो वाचेल का?"

"वाचायला हवा. कोणी वापरून बघितलं नाहीये."

"मग आपण बघू. त्याआधी एक कराल? तुमच्या विणकामाच्या मुख्य बाईंना विचारा, दोरे कापल्यावर गाठी कुठे शोधणार म्हणून."

त्याला गाठींचं काही ठाऊक नव्हतं. पण माणूस सरळ होता, विचारून आला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, आवाज बराच मऊ झालेला. बाई म्हणाल्या होत्या की घाणे वेगळे कळले नाहीत तर त्या मालाचं एकही रीळ मी मशीनवर चढू देणार नाही. "तुमचा खण भरून पाठवा, मॅडम. आमच्या बाजूचं मी उघडून ठेवतो."

मग ती पुन्हा पहिल्यापासून लागली. आता निरोपात आधी खेप, खेपेच्या पोटात खोकं, खोक्याच्या पोटात घाणा, असं सगळं एकात एक बसवायचं होतं. प्रत्येक घाणा वाळून निघाला की त्याचं वजन सॉफ्टवेअरमध्ये चढवायची सवय तिने वाळवणीच्या माणसांना लावली. शिवाय एक अट घातली. घाण्यातून जेवढं वजन निघालं, त्याहून जास्त त्या घाण्याच्या नावावर पाठवायला गेलं तर निरोप निघणारच नाही.

"ही कशाला आणखी?" मी विचारलं.

"साच्यात लागतं, बाबा," ती म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. तिच्या साच्यात काय काय लागतं याची मला एव्हाना सवय झाली होती.

खरी खेप निघायची ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी. दोन घाणे रंगले, वाळले, वजनं चढली. मी लडी निवडल्या, गाठी मारल्या. खोकी भरली, ट्रक दाराला लागला. चिरंजीव, पॅकिंगची माणसं, ड्रायव्हर, सगळे रंगाच्या खोलीत गोळा झाले. सुनेने बटण दाबलं आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली.

"काय झालं?"

"दुसऱ्या घाण्याचं वजन जास्त होतंय," ती म्हणाली. "रंगलं त्याहून जास्त खोक्यांत आहे."

"लोकर काय पिल्लं घालते का?" माझा आवाज चढला. "काटा चुकला असेल. नाहीतर तुझं ते डबडं चुकलं. इतकी वर्षं गाठी मारतोय मी!"

"काटा सकाळी तपासलाय, बाबा."

चिरंजीव घड्याळ बघत होते. "ती अट काढून टाक ना. पाठवून दे, मग बघू."

मला वाटलं ती आता सगळ्यांसमोर बोलणार. बोलली असती तर चूक नव्हती, महिनाभराची तिची मेहनत त्या लाल पट्टीवर अडली होती. ती उठली आणि म्हणाली, "सगळे चहा घेऊन या. मला थोडा वेळ लागेल. बाबा, तुम्ही जरा खोकी उघडायला मदत कराल?"

सगळे गेले. दुसऱ्या घाण्याची खोकी आम्ही दोघांनी ढकलत दारापाशी, उन्हात आणली. तिने झाकणं उघडली आणि बाजूला उभी राहिली. मी दोन लडी उचलल्या, दोन्हींना दोन दोन गाठी होत्या. शेजारी धरल्या. सारख्याच दिसल्या. डोळे चोळून पुन्हा धरल्या. बऱ्याच वेळाने, अगदी बऱ्याच वेळाने, मला डावी लड जराशी हिरवट दिसली. ती पहिल्या घाण्याची होती. दोन गाठी मीच मारल्या होत्या.

मग मी एकेक लड उन्हात धरायचो, खात्रीच्या लडीशी ताडून बघायचो, चुकलेली बाजूला काढायचो. जिथे अडलो तिथे तिच्याकडे बघायचो. ती म्हणायची, "सावकाश बघा." एकदाही तिने माझ्याआधी उत्तर दिलं नाही. मग मी दोरे सोडले, नव्याने गाठी मारल्या, खोकी पुन्हा काट्यावर चढली. माणसं परत आली तेव्हा तिने सांगितलं, "खोकी लावताना अदलाबदल झाली होती. आता ठीक आहे." आणि बटण दाबलं.

निरोप गेला. उत्तर यायला वेळ लागला, निदान मला तरी तसं वाटलं. मग स्क्रीनवर आलं, स्वीकारलं. खेप, खोकी, दोन्ही घाणे, सगळं.

ट्रक सुटला. चिरंजीव ऑफिसात गेले, ड्रॉवरमधले विक्रीचे कागद घेऊन परत आले, ते माझ्यासमोर फाडले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "मला वाटलं नव्हतं." आमच्या चिरंजिवांकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मग माणसांच्या मागोमाग तेही टाक्यांकडे गेले. नव्या ऑर्डरी लावायच्या होत्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा फोन वाजला. मी उचलला. पलीकडचा तपासनीस होता, अभिनंदन करायला. लोकरीच्या सगळ्या पुरवठादारांना आता घाण्याचा खण सक्तीचा करणार, म्हणाला. विणकामाच्या बाईंनी सांगितलंय, गाठीवाल्यांच्या सूनबाईंना नमस्कार कळवा.

"कळवतो," मी म्हणालो. "पण ती तुमची वजनाची अट फार कडक आहे हो. आज ऐनवेळी अडलो होतो आम्ही."

"वजनाची? घाण्यामागे वजन तपासायची? आमची अशी काही अट नाही, साहेब. ती तुमच्याच बाजूने कोणीतरी घातली असेल."

मी फोन ठेवला. सून तारा गुंडाळत होती, तिची रजा संपली होती.

"ती अट त्यांची नव्हती," मी म्हणालो.

"नव्हती."

"साच्यात लागतं म्हणालीस."

"आपल्या साच्यात लागतं, बाबा."

मी खुर्चीत बसलो. त्या खोलीत मी कधी बसत नाही. वर ती नवी ट्यूब लख्ख जळत असणार, मला ती अजूनही मिणमिणतीच दिसत होती. "मला नीट दिसत नाही गं हल्ली," मी म्हणालो. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आमच्या हिलासुद्धा नाही. खरं म्हणजे मला स्वतःलाही नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ट्यूब बदलली तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? गाठी दुसऱ्या कोणाला तरी द्यायला हव्या होत्या."

तिने तारा पिशवीत ठेवल्या आणि माझ्या टेबलावरचा पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा उचलून माझ्या हातात दिला.

"गाठी तुम्हीच मारायच्या, बाबा. चुकली तर निरोप अडेल, एवढीच मी सोय करून ठेवली आहे. म्हणजे तुम्हाला कोणी थांबवणार नाही. आणि परवा डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिथे मात्र तुम्हाला ओरडता येणार नाही."

मी म्हणालो, "ते आपण तिथे गेल्यावर बघू." मग मला तोंड दुसरीकडे करावं लागलं, म्हणून मी उठून खालच्या फळीवरच्या लडी उगाचच नीट लावल्या. आणि टाक्यांच्या बाजूला तोंड करून चिरंजिवांना हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कारण हळू बोलायची मला सवय नाही.

"इकडे ये. खोक्यांची अदलाबदल वगैरे काही झाली नव्हती. आज गाठ मी चुकवली होती, आणि आपल्या जुळारीने ती पकडली."